हे, ते आणि ‘त्यासाठी’

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगं ठणठणीत होती, हे पत्र आठव्याबद्दल आहे. एकटीनेच वाच.) काकांचा खोकला कसा आहे? आणि तुझी तब्येत? या खेपेस नुसतं ‘बरी आहे’ असं उत्तर चालणार नाही.

तुझं पार्सल पोचलं. खाली फार खाज येते, असं मी फोनवर कुजबुजले आणि तू माझ्याहून हळू आवाजात ‘अगं बाई, ते!’ म्हणालीस, की दोन दिवसांत खोकं दारात. इतक्या तातडीने तू माझ्या लग्नालाही आली नव्हतीस. पण मावशी, भिडस्तपणाला काही सुमार? प्रत्येक बाटलीवर, पुडीवर आणि डबीवर तू एकच शब्द लिहिलास: ‘त्यासाठी’. काय प्यायचं, काय लावायचं आणि कशात बसायचं, याचा पत्ताच नाही. फोन करून विचारावं, तर शेजारी सासूबाई कान टवकारून बसलेल्या. मग मी अंदाजपंचे सुरुवात केली. कडू पाल्याचा काढा पेलाभर प्यायले. (त्यात बसायचं होतं, असा संशय मला तळाशी पोचल्यावर आला.) दिवसभर माझं तोंड असं झालं होतं, की आमच्या बेकरीत आलेल्या गिऱ्हाइकांनी न मागता सुटे पैसे काढून दिले. दही लावलं, घटकाभर गार वाटलं, मग खाज जिथल्या तिथे. लसूण वाटून लावला, त्याबद्दल काही लिहिणार नाही. गल्ल्यावरून मी न्हाणीघराकडे जी धूम ठोकली, ती सगळ्या गल्लीने पाहिली आहे. हिरव्या बाटलीतलं उग्र तेल तेवढं मी घाबरून फडताळात लपवलं, तर सासूबाईंनी ‘त्यासाठी’ वाचून ते गुडघ्यांना चोळलं. त्यांच्या लेखी या घरात दुखण्यासारखं तेवढंच आहे.

हसत लिहितेय खरी, पण मी रडकुंडीला आले होते. झोप नाही, धड बसणं नाही, आणि आपल्यातच काहीतरी घाण आहे असं सारखं वाटायचं. शेवटी लाज गुंडाळून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं आणि यीस्ट वाढलंय म्हणाल्या. मी घरी येऊन ह्यांना तेवढाच शब्द सांगितला. (आमच्याकडे ‘हे’ म्हणजे नवरा आणि ‘ते’ म्हणजे दुखणं, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल.) हे पडले पाव भाजणारे. यीस्टचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी पिठाची परात उकळत्या पाण्याने घासली, यीस्टचा डबा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला, आणि यापुढे आपण बिस्किटांवरच भागवू म्हणाले. मावशी, ज्या माणसाने आमच्या लग्नाच्या दिवशीही भट्टी बंद ठेवली नव्हती, तो माझ्यासाठी पाव सोडायला निघाला होता. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

दुसऱ्या खेपेस ह्यांनाच बाईंसमोर नेऊन बसवलं. त्यांनी हसू दाबून समजावलं, की हे यीस्ट वेगळं, त्याचा पावाशी काही संबंध नाही, कितीतरी बायकांना ते होतं आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. लसूण आणि दही मात्र स्वयंपाकघरातच राहू द्या म्हणाल्या. औषध दिलं आणि थोड्याच दिवसांत मी माणसासारखी बसायला लागले. तू पाठवलेल्या उरलेल्या लसणाचे ह्यांनी पाव केले. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली.

सरळ बसून लिहिणारी,
तुझी भाची

ता. क. सासूबाई त्याच गुडघ्यांनी भराभर जिना चढायला लागल्या आहेत. त्या तेलाची आणखी एक बाटली पाठव. ते मुळात कुठे लावायचं होतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस.

पुन्हा ता. क. मावशी, एक विचारू? इतके उपाय तुझ्याकडे तयार कसे होते? आणि सगळ्या बाटल्या अर्ध्या संपलेल्या का होत्या? तू कुठेही गेलीस की खुर्चीच्या कडेवर टेकतेस आणि मध्येच उठून जातेस. आम्ही सगळे तुला चंचल म्हणून चिडवायचो. वर्षानुवर्षं एकटीने सोसलंस ना? पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी, पण इलाज आहे, असं बाई म्हणाल्या. सोमवारी ये. हे स्टँडवर घ्यायला येतील आणि काही विचारणार नाहीत. बाईंकडे तुझी वेळ घेऊन ठेवली आहे. तिथे तुला तोंड उघडावं लागणार नाही. मावशीला कशासाठी आणताय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, ‘त्यासाठी’. त्यांना लगेच कळलं.