वरणाच्या पळीतली मावशी

प्रिय मावशी,

परवा तुझं वर्षश्राद्ध आहे आणि मी तुला न विचारता एक काम करून बसले आहे. तुझ्या फोटोच्या जागी वरणाच्या पळीचा फोटो लावायला निघाले आहे. आता भीती वाटतेय, म्हणून लिहिते. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघणारी मी. चूक तर होत नाही ना?

थोडा दोष तुझाही आहे! फोटोवाल्याची बायको तू, आणि घरात तुझा एक धड फोटो नाही. कुणी कॅमेरा उचलला की "माझा काय काढता, त्या लिंबाचा काढा की" म्हणून तू आत पळायचीस. शेवटी तुझ्या लेकाने, बाळूदादाने, तुझं मतदानाचं कार्ड शोधलं आणि एका स्टुडिओत नेलं. परत आला तो खूश होऊन.

"अनिते, तो म्हणतो साडीबी बदलून देतो. पैठणी टाकू का?"

"मावशी कधी पैठणी नेसली होती का, दादा?"

"मग आता नेसू दे की! आता तर मसाल्याचे डागबी पडायचे न्हाईत."

आम्ही दोघं हसलो आणि मग पुन्हा कार्डाकडे बघितलं. कार्डावरची ती ताठ, दचकलेली बाई तू नव्हतीसच. तिला पैठणी नेसवून काय होणार होतं?

मी बिलोलीहून लातूरला तुझ्याकडे आले ते आठवतंय? आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सगळे म्हणाले, लातूरला पाठवा, क्लास लावा, पोरगी डॉक्टरच होईल. गल्लीत घरोघरी पोरी राहायला आलेल्या, सगळ्या माझ्यासारख्याच, हातात जाड पुस्तकं. त्यातल्या कितीतरी जणी तुझ्या मेसला जेवायच्या.

सकाळचे डबे गेले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत यायचं. मग तू काकांचा जुना कॅमेरा काढायचीस. त्याचं भिंग काकांनी उलटं करून चिकटपट्टीने बसवून दिलेलं. "उलटं लावलं की बारकी वस्तू लई मोठी दिसती," हे तू मला पहिल्याच आठवड्यात दाखवलंस. मिठाचा दाणा काचेच्या चौकोनी खड्यासारखा! आणि जिरं? त्याच्या अंगावर नांगरलेल्या रानासारख्या रेघा! मी आयुष्यभर जिरं खात होते आणि कधी बघितलंच नव्हतं.

खिडकीला तू काकांच्या जुन्या धोतराचा तुकडा लावायचीस. "ऊन चहासारखं गाळून घ्यायचं. न्हाई तर तोंड भाजतंय फोटोचं." आणि मला सांगायचीस, "श्वास सोड, मग दाब." जिऱ्याइतक्या वस्तूपुढे माझा हात थरथरला तरी सगळं पुसट व्हायचं. माझा हात तर कायमच थरथरायचा. पण तुझ्या खिडकीशी तो हळूहळू थांबायला शिकला.

मग तो चाचणीचा दिवस. क्लासच्या भिंतीवर यादी लागली आणि माझं नाव पार खाली. पेपर मुठीत धरून मी स्वयंपाकघराच्या दारात बसले. बिलोलीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. तू काही विचारलं नाहीस, पेपर मात्र काढून घेतलास. मला वाटलं, आता गुण बघेल. तू तो उलटा केलास.

"मागली बाजू कोरी हाय ना? मग लई कामाची हाय. रडायलीस काय, हिकडं ये."

त्या दिवशी पळीच्या पाठीवरचे ओरखडे टिपायचे होते. तू खिडकीच्या बाजूला उभी राहिलीस आणि माझा पेपर असा धरलास की उन्हाचा उजेड त्याच्यावरून परतून पळीच्या काळोख्या अंगावर पडला. मी डोळे पुसले, श्वास सोडला आणि बटण दाबलं.

फोटो धुऊन आला तेव्हा मी हिरमुसले. अंतरात एका केसाएवढा फरक पडला होता. ओरखडे पुसट झाले होते आणि पळीतलं प्रतिबिंब लख्ख आलं होतं. "हा बिघडला, पुन्हा काढू," मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे," तू म्हणालीस आणि तुझ्या फोटोंच्या डब्यात ठेवून दिलास.

मी एकदा तुला विचारलं होतं, माणसं सोडून तू भांडी आणि जिरं का काढतेस? तेव्हा तू त्र्याण्णवच्या भूकंपाचं सांगितलंस. त्याच्या आदल्या दिवशी गणपती विसर्जनाचे फोटो काढायला काका औशाला गेले होते, तू बाळूदादाला घेऊन सोबत गेलीस, म्हणून तुम्ही वाचलात. तुमचं गावातलं घर आणि फोटोचं दुकान मात्र गेलं. पुढे लोक काकांकडे येत राहिले, तू म्हणालीस.

"आमच्या लेकीचा फोटो तुमी काढला होता ना, एक द्या म्हणायचे. काय देणार? सगळ्या निगेटिव्ह दगडाखाली. माणूस न्हाई, त्याची वाटी-पळी सापडायची. बाया ती पदरानं पुसून बघत बसायच्या. तवापासून भांड्याला मी नुसतं भांडं म्हणत न्हाई."

म्हणून मागच्या आठवड्यात मी तो डबा उघडला. पळीच्या पाठीवर सगळं स्वयंपाकघर वाकून मावलंय. माझं तोंड कॅमेऱ्यामागे आहे. आणि खिडकीशी, हातात पांढरा कागद धरून, तू! तिळाएवढा चेहरा. कोरी बाजू पळीकडे आहे, गुण दिसत नाहीत. तेही मी तपासून घेतलं. मोठा करायला नेला तर स्टुडिओवाला म्हणाला, चेहऱ्याचे नुसते ठिपके होतील.

बाळूदादा वैतागला. "आता काय पळीला हार घालायचा? लोक हसतील की!"

काकांनी फोटो खिडकीशी नेला. ते उलटं भिंग कॅमेऱ्यावरून काढून डोळ्याला लावलं. बराच वेळ वाकून बघत राहिले.

"हाव. हीच हाय. मान वाकडी करून उजेड कुठं पडतोय ते बघायलीय." मग दादाकडे वळून म्हणाले, "हार वरून घाल. हे भिंग खाली दोरीनं बांध. ज्याला भेटायचंय त्यानं वाकून भेटावं."

मावशी, मी डॉक्टर झाले नाही. नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते आणि हात थरथरत नाहीत. ते तुझं देणं आहे. एकच राग अजून आहे. छातीत दुखत असताना "गॅस झालाय" म्हणून भाकरी थापत का बसलीस गं? माझ्यासाठी उजेड धरलास, मग स्वतःसाठी एक हाक मारता आली नाही?

पळी मी फोटोखाली मांडून ठेवणार नाही, ती वरणातच राहील. आणि शब्द देते, माझ्या वर्गातली एखादी पोर कमी गुणांचा पेपर मुठीत धरून बसलेली दिसली, की मी काही विचारणार नाही. तो पेपर उलटा करीन आणि तिला खिडकीशी नेईन.

तुझी,
अनिता