डाव्या खांद्याची बंदूक

आबा,

उद्या काका माझी सही घ्यायला येणारे. तुम्ही गेल्यापासून बंदूक शस्त्रांच्या दुकानात जमा आहे. लायसन त्याच्या नावावर करायचं तर सगळ्या वारसांनी हरकत नाही म्हणून लिहून द्यावं लागतं. पप्पा नाहीत, म्हणून त्यांच्या जागी मी. पण त्याआधी तुमच्याशी भांडायचंय.

ती गोष्ट तुम्हीच सांगायचात ना? विलायतेत कारागिरानं साहेबाच्या अंगाचं माप घेतलं, शिंपी घेतो तसं. साहेब डावरा, म्हणून खांद्याला टेकतो तो अक्रोडाचा दस्ता किंचित डावीकडं वळवला. लोखंडावर हातानं तित्तरं कोरली, पीस न् पीस वेगळं. साहेब हरसूलच्या डोंगरात शिकारीला यायचा, पणजोबा त्याच्यासाठी रान उठवायला हाकारा घालायचे. तेही डावरेच. मायदेशी जाताना साहेब म्हणाला, ही तुझ्याच खांद्याला बसते, ठेव.

त्यांच्यानंतर घरात डावरा मी एकटा. आणि मी डाव्या हातात पेन धरलं की तुमची पट्टी. "उजव्यानं लिही, गाढवा." अक्षर बघताय ना माझं?

एका दसऱ्याला पूजेआधी पुसताना मी ती खांद्याला लावली. नजर आपोआप नळीवर गेली, मान वाकवावी लागली नाही. तुम्ही दारातनं बघत होता. का नाही बोललात काही?

मग काकाचा नेम साध्या डब्यावर लागेना. म्हणाला, "आबा, दस्ताच वाकडाय." आणि तुम्ही बंदूक सिन्नरच्या फर्निचरवाल्याकडं धाडलीत! त्यानं सागवानी, सरळ दस्ता ठोकला, वर सोफ्याचं पॉलिश. अक्रोडाचं लाकूड काकूनं बंबात घातलं. त्याच पाण्यानं तुम्ही आंघोळ केलीत, आबा. चांगलं तापलं होतं का?

मी बोंबललो तर म्हणालात, "तुला काय करायचंय? टवाळाच्या हातात बंदूक देतंय कोण?"

बरोबरे. तुमच्या खुर्चीखाली लवंगी मीच लावली होती. काकाच्या हेल्मेटात रबरी पालपण मीच ठेवली. पण मी काही जाळलं नाही.

आणि काकाचा नेम? अजून चुकतोच.

तर उद्या सही करीन. डाव्या हातानं. पॅनकार्डावरची उजव्या हाताची आहे, जुळायची नाही. फाइल परत आली की परत डाव्यानंच करीन. बंदूक मला मिळणार नाही, माहितीय. पण काकाच्या खांद्याला ती लागू देणार नाही, हा शब्द.

तुमचा टवाळ,
सोन्या