पिठातली नीळ

१७ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ठमे,

आठवतं का तुला, शाळेला सुट्टी होती आणि बाबांनी मागच्या खोलीत पहिला प्रिंटर आणून बसवला होता? त्या जाड सुती कागदाची शाई धरणारी बाजू नुसती बघून कळत नाही, म्हणून ते कोपरा ओठांना लावायचे. जी बाजू ओठाला चिकटते ती सुलटी. तू दारात उभी होतीस, एक वेणी सुटलेली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलीस, "आई, बाबा कागदाचा पापा घेतायत!" हसता हसता त्यांच्या हातून कागदाला चुणी पडली. तशी चुणी मी पाडली असती तर दोन दिवस ऐकावं लागलं असतं. तुला काही नाही.

असो. आमच्या शाळेतल्या सिस्टर पत्रलेखन शिकवताना सांगायच्या, आधी हवापाणी, मग प्रकृती, मग काम. तर हवा कोरडी आहे. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. शेजारच्या शिंपीणबाईंना नात झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तिची नखं दाखवतात. प्रकृती बरी. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे फोनवर बोललेच. डावा राहिलाय. त्याचं नंतर सांगते.

काम असं, की तू म्हणालीस, "आई, तो प्रिंटर देऊन टाक ना कुणाला तरी, उगाच जागा अडवून बसलाय." म्हणून मागची खोली आवरायला घेतली. कपाटावर तू काढलेल्या बेकरीच्या फोटोंचा खोका होता. बाबांनी तुझ्या पहिल्या प्रदर्शनासाठी छापलेले, तू परत पाठवलेले. उघडला, तर काय! पीठ निळसर. भट्टीतून काढलेले पाव शिळे वाटावेत असे. बेकरीवाल्याच्या आईचे हात थंडीने गारठल्यासारखे. तू तेव्हा म्हणाली होतीस, "पिठात कुणी नीळ कालवलीय का?" अगदी तसंच. आणि मी तेव्हा त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून एकेक प्रिंट बघत "किती सुंदर आलेत" म्हणत होते!

मग मला काय वाटलं कोण जाणे, मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

ठमे, पीठ पांढरंशुभ्र झालं. पाव असे, की हात लावला तर चटका बसेल. हात काढला की पुन्हा नीळ. ठेवला की पुन्हा पांढरं. लहान मुलीसारखी किती वेळ तेच करत बसले.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मावशी, मोतीबिंदू पिकतो तसं सगळं पिवळट दिसायला लागतं. पण इतकं सावकाश होतं, की माणसाला कळतच नाही." म्हणजे बाबांना तुझं पीठ पिवळं दिसत होतं. ते पांढरं दिसेपर्यंत ते बिचारे थोडा थोडा निळा वाढवत गेले. तू तक्रार केल्यावर त्यांनी काय काय नाही केलं! शाई बदलली. संगणकाच्या पडद्याचे रंग मोजायचं यंत्र कुणाकडून तरी उसनं आणलं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तो चहा पिऊन "मशीन ठणठणीत आहे, साहेब" म्हणून गेला. मशीन ठणठणीतच होतं गं.

तू ते फोटो बाहेरून छापून घेतलेस, त्यांना न सांगता. पहिलं प्रदर्शन, दिवस थोडे, मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं. पण प्रदर्शनाच्या संध्याकाळी त्या दाढीवाल्या चित्रकाराने बाबांचा हात धरून म्हटलं, "काका, काय प्रिंट काढलेत! मानलं तुम्हाला!" आणि बाबा म्हणाले, "माझे नाहीत हो ते. पण छान आहेत." तू खांबाच्या पलीकडेच होतीस. तू ऐकलंस, कारण तुझ्या हातातला पेला कलला.

परत येताना टॅक्सीत म्हणाले, "मला जरा पिवळट वाटले. तुला?"

मी म्हटलं, "मलाही. अगदी हळद लावल्यासारखे."

"हल्ली असंच आवडत असेल लोकांना."

"असेल बाई."

आणि आम्ही दोघं हसलो. जन्मभर पडद्यांच्या रंगावरूनसुद्धा आमचं कधी एकमत झालं नाही, ते नेमकं तिथे झालं. दोघांपैकी एकाला जरी धड दिसत असतं, तर भांडण झालं असतं, आणि भांडता भांडता डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो असतो.

त्यानंतर त्यांनी एकही फोटो छापला नाही. तुम्ही दोघं फोनवर पाऊसपाण्याचं बोलायचात. पण दर रविवारी ते प्रिंटर चालू करून चाचणीच्या रेघांचा एक कागद काढायचे, शाई आत वाळू नये म्हणून. मी म्हणायचे, "कशाला ती शाई फुकट घालवता?" तर म्हणाले, "पुढच्या खेपेला देईल ठमी फोटो." जायच्या आधीच्या रविवारीही काढला. तू आलीस ती ते गेल्यावर, आणि मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस.

आता डावा डोळा. डॉक्टरीणबाई तारीख देतात आणि मी पुढे ढकलते. मला सर्दी झालीय असं तुला सांगितलं, ती झाली नव्हती. अगं, त्यांचं काम बरोबर दिसणारा हा एकच डोळा उरलाय. तोही माझ्या हाताने कसा काढून टाकू?

पण परवा जिन्यात पायरी चुकले. दोन डोळ्यांना दोन तऱ्हेचं दिसतं, अंदाजच येत नाही. घोटा सुजलाय. येत्या गुरुवारचं ठरवून टाकलं. "बरोबर येशील का" असं विचारायचं नाही, असं ठरवून लिहायला बसले होते. विचारते आहे. बुधवारीच ये.

वाटणी डाव्या डोळ्याने करून ठेवली आहे. बाबांनी काढलेला पुलाचा फोटो तुझ्या काकांना. त्यांना तो नेहमीच हवा होता, तोंड उघडून मागितला नाही एवढंच. बेकरीवाल्याला त्याच्या आईच्या हातांचा दे, पण तू बाहेरून छापून घेतलेला. आई आता नाही त्याची, घरात गारठलेले हात कशाला? कोरे सुती कागद आणि त्यावरची धूळ झटकायचा मऊ ब्रश तुला. प्रिंटर कुणालाही द्यायचा नाही. शाई वाळली असेल तर तू बघ, मला ते जमत नाही.

निळा संच तुझा. भिंतीवर लावू नकोस हवं तर. पण त्यांचे रंग सुधारून पुन्हा छापायला तुझे हात शिवशिवतील, ते करू नकोस. बाबांनी तुला पांढरंशुभ्र पीठच दिलं होतं. मी पाहिलंय.

गुरुवार सकाळपर्यंत त्यांच्याच नजरेची,

तुझी आई