नारळ कोणाच्या नावाने

७ नोव्हें.
लॅपटॉप तिसऱ्यांदा कुडाळहून परत. पहिल्यांदा चार्जिंग सुधारलं, कीबोर्ड मेला. मग कीबोर्ड सुधारला, पडदा लुकलुकायला लागला. आज सगळं झकास चालतंय आणि आत काहीच नाही. तेहतीस गावांची, देवापुढे घालायची गाऱ्हाणी गेली. ती घालणाऱ्या एकेका गावकराच्या पायाशी बसून उतरवून घेतलेली. त्यातले चौघे आता नाहीत.
जेवलो नाही.

९ नोव्हें.
कुडाळला सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला माणूस गोड बोलतो, त्याचाच जास्त राग येतो. "सर, डिस्कपण बदलली. वॉरंटीत बसतं." जुनी कुठे? कंपनीकडे गेली, नष्ट केली असेल. मी आवाज चढवला तेव्हा त्याने फॉर्म पुढे सरकवला. 'माहिती जपून ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी.' खाली माझी सही. तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर करायचो तीच, न वाचता केलेली.
घरी सुलूला फॉर्मचं सांगितलं नाही.

१० नोव्हें.
वह्या असत्या तर! वाळवी लागली म्हणून गेल्या शिमग्यात होळीत घातल्या. मीच. वर म्हटलं, आता सगळं लॅपटॉपात आहे.

१४ नोव्हें.
कंपनीला फोन. दर वेळी नवा आवाज, माफी तीच. आज म्हणे, एक वर्ष वाढीव वॉरंटी आणि एक बॅग देऊ. बॅग! तिच्यात घालू काय, ह्यांचं डोकं?

२० नोव्हें.
ओरोसला ग्राहक आयोगात तक्रार घातली. मी अकरा पानं लिहिली होती, वकिलाने दोन केली. "मास्तर, शाप नको, मुद्दे द्या." नुकसानभरपाई मागितली आहे. खरं म्हणजे ती नाही मिळाली तरी चालेल. त्यांचा कोण तो मोठा साहेब बाकड्यावर घाम पुसत बसलेला मला बघायचाय. बघणारच.
फॉर्मचं वकिलालाही बोललो नाही.

२६ नोव्हें.
सुलू म्हणते, "आयोग-फियोग मागसून. आधी देवाकडे नारळ ठेवा. जेणा केल्यान तो धावत येतलो." जन्मभर पोरांना सांगत आलो की असल्याने काही होत नाही. संध्याकाळी परसात जाऊन नारळ हलवून बघत होतो. पाणी भरपूर असलेला एक बाजूला काढला.

१ डिसें.
कंपनीचं उत्तर आलं. सोबत फॉर्मची प्रत, सहीभोवती लाल गोल. सुलू विहिरीवर होती. पाकीट पिशवीत तळाला घातलं.

४ डिसें.
पिंगुळीच्या अलीकडच्या तात्यांकडे गेलो, सुलूला घेऊन. वय शहाऐंशी. सगळ्यात लांब गाऱ्हाणं त्यांचंच होतं, आणि ते पुन्हा सांगू शकणारे तेच. देवळात नारळ पुढे केला.
"नाव कोणाचा घेव?"
"कंपनीचं घ्या."
"कंपनीक पाय आसत? ती देवळात कशी येतली?"
मी म्हटलं, मग त्या कुडाळवाल्याचं घ्या. तात्या म्हणाले, "त्येका मी वळखणंय नाय. खोटा गाऱ्हाणा माझ्या तोंडातसून जावचा नाय, मास्तर." मग नाव न घेताच उभे राहिले:
"बा देवा म्हाराजा, ह्या मास्तरान् गोळा केलेला बोलणा जेच्या हयगयीन् गेला, तेका तुझ्या पायाकडे आण. चूक कबूल करून ह्यो नारळ तेणाच उचलूक होयो, म्हाराजा!"
"होय म्हाराजा!" सुलू खणखणीत. मी नुसते हात जोडले.
निघताना विचारलं, तुमचं गाऱ्हाणं परत उतरवून घेऊ ना? म्हणाले, "नारळ उचलांदे आधी. मगे सांगतंय." आणि खोकला. बराच वेळ खोकत होते.

८ डिसें.
तात्यांना फोन केला. कोणी आलं नाही. नारळ आहे तिथेच. "मी आसंय तोपर्यंत बघतंय," म्हणाले.
से. सेंटरवाल्याला नारळाची बातमी लागली वाटतं. त्याचाही फोन. "सर, माझ्यावर नको हां. मी वरसून सांगतत ता करतंय. घरात आई आसा माझी." चार आठवडे ह्याच भीतीची वाट बघत होतो. गोड लागली नाही.

९ डिसें.
उद्या ओरोसला तारीख. कंपनीला सोडणार नाही, तिन्ही वेळा काम त्यांनीच बिघडवलं. पण तो लाल गोल त्यांचा वकील उद्या सर्वांसमोर दाखवणार.
सुलूने शर्टाला इस्त्री केली. इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "त्या दिवशी तुमी 'होय म्हाराजा' म्हटलास नाय."
पाकीट पिशवीतून काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. तिला म्हटलं, उद्या वाटेत तात्यांच्या देवळाशी उतरायचंय.
"कित्याक?"
अजून सांगितलेलं नाही. गाडी साडेसातची आहे.