शेवटचा चेंडू कुणाचा

१ फेब्रुवारी २००५, मंगळवार
"काकू"! भर फाटकात, बारा पोरींदेखत!
कॉलेजचा नवा मुख्य कोच परीक्षित. नाशिकचा, वय चौतीस, गळ्यात शिट्टी आणि बोलण्यात सारखं ते अमेरिकेचं सर्टिफिकेट. "काकू, सॉफ्टबॉल आता सगळं सायन्स आहे. पुढच्या वर्षी पिचिंगला वेगळा कोच लागणार नाही."
म्हटलं, "मिस म्हणायचं. काकू व्हायला तुमच्या काकांशी लग्न करावं लागतं."
पोरी फिदीफिदी हसल्या. मी नाही हसले. पिचिंगची कोच मी, आणि पुढच्या वर्षी लागणार नाही म्हणे!

५ फेब्रुवारी
राजन एगैलाच्या मॉलमध्ये ट्रॉली ढकलत म्हणाला, "सोड की आता. साठ उलटली तुझी." नवरे पण असे बरोबर भाजीच्या ढिगापाशी शहाणे होतात.
का सोडू? आखाती युद्धानंतर ब्याण्णवला इथे परत आलो तेव्हा शाळेत खेळाची बाई म्हणून लागले. बॅट होत्या दोन, मैदान म्हणजे नुसती वाळू. बिल्डिंगच्या तळघरात दोरीवर चादर टांगली, तिला गुडघ्याच्या उंचीवर भोक पाडलं आणि पोरींना सांगितलं, यातून चेंडू घाला. दिवसाला शंभर. चादरी पाच फाटल्या, पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, नऊ तयार झाल्या. शाळेतून रिटायर झाले, तर कॉलेजने बोलावून नेलं. त्या नऊतली शेवटची ती माहीन. रिग्गईच्या तौफीकभाईंची मुलगी, मूळ रत्नागिरीची, कॉलेजात यंदा शेवटचं वर्ष. असा हात मी माझ्या काळात स्टेट टीममध्येसुद्धा पाहिला नाही.
कॉन्व्हेंटातल्या नन्सनी मला एवढंच नीट शिकवलं – स्वतःचं काम स्वतःच्या नावाने सांगायला लाजू नये.

१० फेब्रुवारी
आज मजा! सतराची फायनल फक्त मुलींची, उंच भिंतीच्या आत. पुरुषांना प्रवेश नाही. वडील नाहीत, भाऊ नाहीत आणि कोचही नाही! इथली पोरगीसुद्धा हे सांगेल, पण या शहाण्याने विचारलंच नव्हतं. "कॉन्ट्रॅक्टमध्ये हे कुठे होतं?" म्हणत फाटकाशी येरझाऱ्या घालत होता.
मग तोडगा काढला. तो पार्किंगमध्ये गाडीत बसणार, मोबाइलवर मला सांगणार आणि मी ते माहीनला खुणेने कळवायचं. म्हणजे मी टेलिफोन एक्सचेंज!

१७ फेब्रुवारी
जिंकलो!! ३–२!
पहिल्याच इनिंगला समोरच्या टीमने बॅटिंगचा क्रम बदलला. हा गाडीतून जुना कागद वाचतोय – "चार नंबरला खाली बुडणारा टाकायला सांगा!" अहो, चार नंबरला उभी कोण आहे ते तरी विचारा! फोन बर्फाच्या पेटीत ठेवला, पाण्याच्या बाटल्यांखाली. पुढचं सगळं माझ्या खुणांवर. कानाला हात म्हणजे आतला, बॅटवालीच्या अंगालगतचा; कॉलरला हात म्हणजे बाहेरचा, तिच्यापासून लांबचा.
शेवटची इनिंग. दोघी बाद, तिन्ही बेस भरलेले, बॅटवर डावखुरी धिप्पाड पोरगी, दोन स्ट्राइक, तिसरीला ती बाद. मी कॉलर धरली. माहीनचा हात चक्राकार फिरला. चेंडू ग्लव्हमध्ये गेल्याचा आवाज आला आणि ती पोरगी हवेत बॅट फिरवून गोल फिरली.
रडले. कुणी पाहिलं नाही.

१९ फेब्रुवारी
कॉलेजच्या पत्रकात फोटो. फाटकाबाहेर करंडक धरून परीक्षित! खाली – "मुख्य कोच यांच्या डावपेचांचा विजय". डावपेच! एसी लावून!
तडक डीनबाईंकडे गेले. शांतपणे म्हणाल्या, "पिचिंग कोचची जागा कायम का ठेवावी, ते लेखी द्या. समितीपुढे ठेवते."

२२ फेब्रुवारी
दिलं. दोन पानं, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात. शेवटचं वाक्य मला फारच आवडलं – "सामना जिंकून देणारा चेंडू मी सांगितला, आणि तो मीच सांगू शकत होते."
राजनने वाचून म्हटलं, "जागा ठेवतील. घाबरून तरी ठेवतील."

२३ फेब्रुवारी
माहीन घरी आली. आई सुरैयाने सांदणं पाठवली होती. पोरगी बसली, उठली, परत बसली.
"मिस, प्लीज डोन्ट बी अँग्री. लास्ट बॉल… तुम्ही बाहेरचा सांगितलात ना. मी आत टाकला."
"काय?"
"तिचे पाय पाहिले मी. ती आऊटसाइडलाच वाट बघत होती. तुम्हाला बेंचवरून दिसत नव्हतं."
खरं आहे. बाजूच्या बाकावरून आत-बाहेर कळतच नाही. बाहेरचा टाकला असता तर मारलाच असता तिने.
"आणि मी कॉलर धरून उभी होते त्याचं काय?"
"मिस, तुम्हीच तर कोच सरांचा फोन बर्फात घातलात!"
इतकी हसली कार्टी. मग मीही. सांदणं सगळी मीच संपवली, ती गेल्यावर.

२८ फेब्रुवारी
डीनबाईंकडून पत्र परत घेतलं. शेवटचं वाक्य खोडून तिथेच उभ्या उभ्या लिहिलं – "सामना जिंकून देणारा चेंडू माझी खूण झुगारून टाकला गेला. तो टाकणारी जूनमध्ये पदवीधर होते. जागा ठेवा, आणि तिला द्या."