खिशातली सुपारी

आई, तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आज मला तुझा राग आलाय. नारायणगुड्यात आम्ही फ्लॅट घेतला. इकडे आता जुनी घरं पाडून बिल्डिंगाच उठतायत, घरोघरी केबलवर परदेशातले चॅनल. आमच्या दारावर पाटी लागली बारा-ए. अलीकडे बारा, पलीकडे चौदा. मी बिल्डरला विचारलं, तेरा कुठं गेला? तो हसतो, "अम्मा, तेरा नंबर कोई लेतेच नई. फॉरेनमें बी नई रखते. घर वहीच है, नाम बदल दिये बस." एवढं सोपं! घर विकायचं म्हटलं की आकडासुद्धा गुपचूप बाजूला सरकतो.

माझ्यासाठी कोण सरकलं गं? आम्ही तिघी बहिणी, शाळा सुलतान बाजारात, चालत जायचं. माझी जायची वेळ आली तर तू दारात आडवी. "तिघींनी मिळून बाहेर पडायचं नाही. मोठीची शाळा पुरी होऊ दे, मग तू जा." मी धाकटी, म्हणून मी घरी. तिची शाळा पुरी होईस्तोवर मी घोडी झाले होते. पहिलीत चिल्ल्यापिल्ल्यांत बसवलं, लाज वाटायची, अन् दोन वर्षांत तूच काढून घेतलंस, चुलीपाशी हात हवा म्हणून. मग मोठीसाठी मुलगा बघायला बाबा, काका अन् मामा निघाले. तिघं! मी पोळ्या लाटता लाटता बघतेय, तू डब्यातली सुपारी काढतेस अन् बाबांच्या खिशात टाकतेस. "झाले चौघं. निघा आता." माझं लाटणं थांबलं. "आई, मग माझ्या शाळेच्या वेळी सुपारी नव्हती घरात?" तू मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीस. "लग्नाकार्याची गोष्ट वेगळी. तोंड आवर, पोळी करपतेय." करपू दे की! एक सुपारी, आई. माझ्या दप्तरात टाकली असतीस तर आज एवढं लिहायला माझी सगळी दुपार गेली नसती.

हे पाठवणार कुठं, अन् तुला तरी कुठं वाचता येत होतं. पण एक सांगते. मला घरी ठेवलंस त्या पहिल्या दिवशी त्या दोघी शाळेत गेल्या, तू दार लावलंस, मला जवळ बसवून गरम पोळीला तूप-साखर लावून दिलीस. मी रडले नाही. दिवसभर तू माझ्या एकटीची होतीस, अन् मला ते आवडलं होतं.