साहेबांची कुंडी आणि वाढत्या अंगाचं माप

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (नुसता हात जोडून केला असता, पण सात बोटांना अजून चिकटपट्ट्या आहेत.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? भाची आणि जावई मजेत असतील. इकडे आम्ही दोघं ठीक. मी एका जागी बसत नाही ही तुझ्या भावजयीची तक्रार जुनीच आहे. हे पत्र लिहितानाही चार वेळा उठलो, आणि बसलो की टेबलाखाली पाय शिलाई मशीन चालवत राहतात. अक्षर नागमोडी आलं तर समजून घे.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. पानभर जावयांच्या नव्या घराच्या पाच खोल्या, आणि अगदी तळाशी एका ओळीत, मी आता इकडेच राहीन म्हणते. त्याच्याखाली, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी जावई गाडी घेऊन साहेबांना न्यायला येतील, तोवर त्यांची कुंडी बदलून ठेव, मुळं भोकातून बाहेर आलीत, कुंडी बोटभर मोठी घे. जन्मभर दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिलेल्या भावाला एवढंच. भाऊजी निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीतल्या टेबलावरचं ते निवडुंग काखेत मारून घरी आले, आणि ‘साहेब’ हे नाव मीच ठेवलं होतं, कारण दोघंही बोलत नसत आणि जवळ गेलं की टोचत. भाऊजी गेल्यावर तूही त्याला साहेबच म्हणायला लागलीस. असो. मला राग आलेला नाही. (आला होता. मग एक विजार चुकीची कापली, तेव्हा उतरला.)

आता बोटभर म्हणजे बोटाची जाडी की लांबी, हे तू लिहायला हवं होतंस. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला एकच ठाऊक, की वाढत्या अंगाला सैल बेतायचं. शाळेचा गणवेश शिवताना आम्ही बाही लांब ठेवून आत दुमडतो आणि पुढच्या वर्षी उसवून सोडतो. त्या हिशेबाने मी टेप घेऊन साहेबांची मापं घेतली (कंबर अकरा, छाती अकरा, अंग सरळसोट) आणि बादलीएवढी कुंडी आणली. नर्सरीवाला म्हणाला, थंडीत ते झोपलेलं असतं, थंडी सरून वाढ सुरू झाली की मग बदला. मी म्हटलं, झोपलेल्या माणसाचंही माप घेतलंय मी. त्याने निम्मी भरड वाळू घातलेली माती पोत्यात भरून दिली.

त्याने सांगितलं होतं की आधी माती चांगली कोरडी होऊ द्या, मग वर्तमानपत्राची जाड घडी पट्ट्यासारखी कमरेला गुंडाळा, धरा आणि कुंडी आडवी करून ठोका. वर्तमानपत्र म्हणजे आपल्या धंद्याला कमीपणा वाटला, म्हणून मी वकिलांच्या कोटाचं उरलेलं अस्तर घेतलं. अस्तर किती गुळगुळीत असतं हे मला माहीत नसेल तर कुणाला? ठोकल्याबरोबर सटकन सुटून थेट माझ्या मांडीवर. सुई टोचू नये म्हणून घालतो ते अंगुस्तान होतं, पण ते एका बोटाला. काट्याने काटा काढावा म्हणतात, तुझ्या भावजयीने सुईने काढले, आणि दर काट्यामागे एक वाक्य ऐकवलं. वकिलांच्या कोटाची काजं त्यामुळे राहिली आहेत, आणि ते सध्या टाचणी लावून कोर्टात जातात.

नव्या कुंडीत बसवल्यावर आठ दिवस पाणी द्यायचं नाही, दुखावलेली मुळं सुकू द्यायची, हेही सांगितलं होतं. पण समोर कोरडी माती आणि हातात रिकामा वेळ. दुसऱ्या दिवशी घोटभर दिलं. चौथ्या दिवशी वाटलं, पहिला घोट खाली पोचला नसेल, म्हणून तांब्याभर. सहाव्या दिवशी खिडकी बदलली, सातव्या दिवशी परत आणली. बाराव्या दिवशी बघतो तर मान कललेली, आणि बुडाशी दाबलं तर बोट आत जाईल इतकं मऊ. नर्सरीवाल्याने येऊन मातीत बोट खुपसलं, वास घेतला आणि म्हणाला, “मामा, ही माती सुकणार कधी? कुंडी बोटाच्या जाडीएवढीच मोठी घ्यायची असते. ऐसपैस घर दिलं म्हणून मुळं धरत नाहीत, कुजतात.” मी बराच वेळ तिथेच बसून होतो. तुझी भावजय म्हणते, लग्नापासून मला इतका वेळ बसलेलं तिने पाहिलं नव्हतं.

तेव्हा जावयांना रविवारी पाठवू नकोस. न्यायच्या अवस्थेत काही नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. तुझं ब्लडप्रेशर आठवलं. ताई, वर लिहिलेलं सगळं घडलं, पण साहेबांच्या बाबतीत नाही. चांगलं कापड कापण्याआधी आपण मांजरपाटावर कच्ची शिलाई करून बघतो ना, तसं मी नर्सरीतून साहेबांच्याच मापाचं दुसरं निवडुंग आणलं होतं. साहेब तुझ्या खिडकीत जसेच्या तसे आहेत, जुन्याच कुंडीत. टेप लावली तेवढीच. पुढे हात धजला नाही. तू घाबरून धावत येशील म्हणून खोटं लिहिलं.

ता. क. दुसरा. थंडी सरायला दोन महिने आहेत. तेव्हा तूच ये आणि त्यांची कुंडी तुझ्या हाताने बदल. मग जायचं तर जा. पण पाच खोल्या फार होतात गं. बोटभर मोठं घर असतं तर मी बोललो नसतो.

ता. क. तिसरा. त्या दुसऱ्याचा कुजका भाग नर्सरीवाल्याने कापला. वरचा तुकडा आठ दिवस सावलीत सुकवून लहान कुंडीत कोरड्या मातीत बसवला आहे. आज चौदा दिवस झाले, मी त्याला पाणी दिलेलं नाही, हलवलेलं नाही, मुळं फुटली का म्हणून उपटून बघितलेलं नाही. भावजयीला विचार हवं तर. दोन महिने मला थांबता येईल.